मुंबईत चित्रकार-क्युरेटरांना पैसा नक्की कुठून मिळतो?

हार्बर_लाईन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कला म्हणजे काय, ती कुणासाठी असते वगैरे चर्चा इथे पुष्कळ झाल्या आहेत. मला फक्त पैशाचं विचारायचं आहे.

मी जेजेतून (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) पेंटिंग केलं. एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवतो, शनिवार-रविवार एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांचे क्लास घेतो आणि रात्री स्वतःचं काम करतो. गेली काही वर्षं भांडुप-कांजूरच्या मिठागरांवर चित्रं चालू आहेत. मोठे कॅनव्हास आहेत, पाच बाय चारच्या खाली एकही नाही. ते आता कुठेतरी लावायचे आहेत. जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकलाय, रांग लांब आहे. नंबर लागला तरी भाडं, फ्रेम, कॅटलॉग, टेम्पो, ओपनिंगचे समोसे हे सगळं आपल्याच खिशातून. खासगी गॅलऱ्यांना मेल केले, कुणाचंही उत्तर नाही.

होणारी बायको इतिहासात एम. ए. आहे, तिला क्युरेटर व्हायचंय, म्हणजे प्रदर्शनं आखणारी-मांडणारी. घरचे विचारतात, त्यात पगार किती? आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.

तर ग्रँट, फेलोशिप, रेसिडेन्सी (काही दिवस राहून काम करायची सोय), नोकरी, काहीही चालेल. ज्यांना प्रत्यक्षात मिळालंय त्यांनी लिहा. ‘मनापासून करा, पैसा आपोआप येतो’ हे कृपया नको.

गिरगावचा_बोका

दोघांपैकी एकाचे तरी आईवडील बँकेत आहेत ना? मग झालं की फंडिंग. (हलकेच घ्या)

सुलूमावशी

बोका, हसून हसून पुरेवाट. आमच्याकडेही एक चित्रकार आहे. त्याची फंडिंग एजन्सी मीच. काम कुठवर आलं याचा अहवाल मात्र मागूनही मिळत नाही.

ठाण्याची_ठिणगी

मला मिळालंय, म्हणून लिहिते.

आधी सरकारी. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या तीन योजना आहेत, अर्ज सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक संस्थेकडे जातात. १८ ते २५ वयाच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती, महिना ₹५,०००. २५ ते ४० साठी ज्युनियर फेलोशिप, महिना ₹१०,०००. चाळिशीपुढे सीनियर, महिना ₹२०,०००. तिन्ही दोन-दोन वर्षांच्या. संगीत-नाटकवाल्यांबरोबर दृश्यकलाही त्यात येते. फेलोशिपसाठी ‘मी चित्रं काढणार’ एवढं लिहून भागत नाही, विषय घेऊन प्रकल्प मांडावा लागतो आणि सहा-सहा महिन्यांनी काय केलं ते कळवावं लागतं. पैसे हप्त्याने येतात, तेव्हा घरभाड्याच्या हिशोबात धरू नका.

दहा हजारांत मुंबईत काय होतं, असं मला फार लोकांनी विचारलं. मी आणि एक मैत्रीण मिळून वागळे इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेतला. खाली लेथ मशीन, वर आम्ही. दोन वर्षं दार लावून आत बसायला जागा मिळाली. घरी दिवाणावर कॅनव्हास टेकवून काम केलेल्यांनाच याची किंमत कळेल.

स्पर्धा-प्रदर्शनं वेगळी. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे, त्यात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात. बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८ ची) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८ ची) यांची वार्षिक प्रदर्शनं असतात. बक्षिसाच्या रकमेकडे बघून भरू नका. बायोडेटात एक ओळ वाढते आणि पुढच्या अर्जात ती कामाला येते.

नाव_नको_बाबा

सरकारी ठीक. पण खासगी ग्रँट आणि रेसिडेन्सी हे सगळं मुंबईच्या दोन-पाच पिन कोडांत वाटलं जातं. फर्डं इंग्रजी बोलणाऱ्या, कुलाब्यात वाढलेल्या, काकांचं स्वतःचं कलेक्शन असलेल्या मुलांना. आमच्यासारख्यांनी ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’ लिहायचं म्हणजे शब्दकोश घेऊन बसायचं. ‘माझं काम स्मृती आणि विस्थापन यांच्या सीमारेषेवर…’ हे न लिहिता आजवर कुणाला एक रुपया मिळालाय का?

शाईचा_डाग

@नाव_नको_बाबा, मिळालाय. आणि अर्ज मराठीत होता.

बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, म्हणजे आयएफए, १९९३ मध्ये स्थापन झाली. त्यांच्याकडे कुठल्याही भारतीय भाषेत प्रस्ताव पाठवता येतो. माझ्या ओळखीच्या एकीने कोकणातल्या भिंतीवरच्या चित्रांवर मराठीत लिहिलं, फोनवरची चर्चासुद्धा मराठी-हिंदीत झाली. तिने स्मृती-विस्थापन वगैरे काही लिहिलं नव्हतं. कुणाच्या घरी जाणार, काय विचारणार, कशाचे फोटो काढणार, हे साधं सरळ मांडलं होतं.

पण एक गोष्ट धागाकर्त्याने समजून घ्यावी. असे लोक तुमचं तयार झालेलं काम भिंतीवर टांगायला पैसे देत नाहीत. पुढे काय शोधणार आहात, त्यासाठी देतात. ‘माझी चित्रं तयार आहेत, हॉलचं भाडं द्या’ असा अर्ज गेला की तो पहिल्याच चाळणीत अडकतो.

बाकी नावं भराभर देतो, शोधायचं काम तुमचं. इनलॅक्स फाउंडेशनचे फाइन आर्ट अवॉर्ड तरुण कलाकारांसाठी. दिल्लीच्या फिकाचा (फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट) इमर्जिंग आर्टिस्ट अवॉर्ड. खोज ही कलाकारांची संस्था, तीही दिल्लीचीच, १९९७ पासून. माझगावकडे स्पेस ११८ चे स्टुडिओ. ब्रिटनमध्ये थोड्या मुदतीसाठी जायचं असेल तर चार्ल्स वॉलेस ट्रस्ट. नेदरलँड्सच्या प्रिन्स क्लाउस फंडाचे सीड अवॉर्ड, ५,००० युरोचे, वर्षाला शंभर लोकांना. वयाची अट आणि तारीख दर वर्षी त्यांच्याच साइटवर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका.

वाचनमात्र_२०१२

वाचनखूण साठवली.

नाव_नको_बाबा

बरं, एक मिळाला. मराठीत लिहून किती जणांना मिळाला ते सांगा. अपवादाने नियम बदलत नाही.

शाईचा_डाग

मराठीत लिहून किती जणांनी अर्ज केला, ते आधी सांगा.

गिरगावचा_बोका

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

जुना_दादरकर

नाव_नको_बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते आजचं नाही. हुसेन, रझा, आरा यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ चा. त्यांना हात दिला तो कुणी? लँगहॅमर, व्हॉन लायडन, श्लेसिंजर. युरोपात हिटलरचा वरवंटा फिरायला लागल्यावर मुंबईला येऊन राहिलेली माणसं. लँगहॅमर टाइम्समध्ये आर्ट डायरेक्टर, लायडन समीक्षा लिहीत, श्लेसिंजर चित्रं विकत घेत. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत, आरा मोटारी धूत. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर फंडाच्या पैशावर. त्यांच्याच एका चित्राला २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात २३ कोटींच्या वर बोली लागली, पण तेव्हा ते नव्हते.

जागेचं म्हणाल तर वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. गायतोंडे, हुसेन, नसरीन मोहमदी यांना तिथे नाममात्र भाड्यात स्टुडिओ मिळाले. एका दारामागे रविशंकर सतार शिकवताहेत, गच्चीवर अल्काझींची नाटकं चालू आहेत. आमच्या वडिलांनी ती नाटकं पाहिलेली. आता तिथे टॉवर आहे. ग्रँटपेक्षा अशी एक इमारत या शहराला द्या, बाकी सगळं चित्रकार बघून घेतील, असं माझं मत.

आणि केकू गांधींची केमोल्ड. ती १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी म्हणून उघडली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा धंदा फ्रेमांचा. चित्रकार फ्रेम करायला यायचे, चित्रं दुकानातच लागायची. तेव्हा धागाकर्त्याने फ्रेमवाल्याशी चांगले संबंध ठेवावेत.

हार्बर_लाईन (धागाकर्ता)

दादरकरकाका, आमचा फ्रेमवाला उधारीच्या वहीतलं माझं पान दाखवतो, तेवढेच संबंध आहेत. रनिंग फुटाने भाव लावतो आणि पाच बाय चारला अठरा फूट होतात हे मला दर वेळी नव्याने ऐकवतो.

अवांतर: तुमच्यापैकी कुणी मोठा कॅनव्हास लोकलने नेलाय का? टेम्पोचे पैसे ऐकून पोटात गोळा येतो.

कॉटनग्रीनची_कमल

नेलाय. साडेदहा-अकराच्या सुमाराला मालडब्यात चढायचं. डबेवाल्यांची गर्दी असते, पण माणसं भली. त्यांचा तो लांबलचक लाकडी क्रेट आणि माझा चार फुटी कॅनव्हास दारात समोरासमोर आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांच्यातला एक म्हणाला, “ताई, चितराचं तोंड भिंतीकडं करा, पाठ आमच्याकडं. कुणाचं कालवण सांडलं तर पाठीवर जाईल.” मग सीएसएमटीपर्यंत एका हाताने कॅनव्हास त्यानेच धरला. उतरल्यावर मला दिला आणि क्रेट डोक्यावर घेऊन निघून गेला, चित्र कसलं होतं ते त्याने पाहिलंही नाही.

पण पाच बाय चारचे बारा-चौदा असतील तर हे नको. अ‍ॅक्रिलिक असेल तर स्ट्रेचरवरून काढा, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड पाइपवर गुंडाळा आणि जागेवर पुन्हा ताणा. रंग आतल्या बाजूला ठेवून गुंडाळलं की तो चिरडला जातो. जुनं, जाड लावलेलं ऑइल असेल तर गुंडाळायच्या भानगडीत पडू नका.

राणीबागवाली

क्युरेटरचं कुणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. मी एका संग्रहालयात आहे, कुठल्या ते विचारू नका.

धागाकर्ता, तुमच्या होणाऱ्या बायकोला सांगा की इतिहासातलं एम. ए. ही उत्तम सुरुवात आहे, पण तेवढ्यावर भागणार नाही. मुंबईत दोन ठळक वाटा आहेत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आधुनिक आणि समकालीन भारतीय कलेचा इतिहास व क्युरेटोरियल स्टडीजचा पदव्युत्तर डिप्लोमा, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजी व कॉन्झर्व्हेशनचा. पहिल्यात आजच्या कलेवर भर, दुसऱ्यात वस्तू, जतन, संग्रहाची व्यवस्था. तिला काय आवडतं त्यावर ठरवा.

काम काय असतं ते ऐका, म्हणजे घरच्यांना सांगता येईल. ओपनिंगला साडी नेसून उभं राहणं हा त्यातला एक तास. बाकीचं असं: दुसऱ्या शहरातून एक चित्र उसनं आणायचंय. त्याचा करार, विमा, पेटी कोण बनवणार, ट्रक कुठून येणार. पेटी उघडली की टॉर्च आडवा धरून पृष्ठभाग तपासायचा. कोपऱ्यात नखाएवढा रंग उडालेला दिसला तर फोटो काढायचा, मोजायचा, तक्त्यात कुठे ते खूण करून लिहायचं, आणलेल्या माणसाची सही घ्यायची. याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. परत पाठवताना तोच कागद पुन्हा. तो उडालेला रंग आमच्याकडे उडाला की आधीच उडालेला होता, याचं उत्तर त्या एका सहीवर असतं. मग भिंतीवरचा मजकूर, तो मराठीत व्हावा म्हणून भांडण, चित्राची उंची, दिव्याचा झोत.

पगार? सुरुवातीला तुमच्या क्लासच्या कमाईएवढा, कदाचित कमीच. स्वतंत्र क्युरेटरचं आणखी कठीण. कलाकाराच्या नावावर चित्र असतं, गॅलरीला विक्रीतला वाटा असतो, साधारण निम्मा. क्युरेटरच्या हातात निबंध आणि पुष्पगुच्छ. म्हणून पहिल्या मीटिंगलाच आकडा विचारायचा आणि मेलवर लिहून घ्यायचा.

वर जाणारे जातातही. रणजित होस्कोटेंनी २०११ मध्ये व्हेनिस बिएनालेतलं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनातलं, भारताचं दालन क्युरेट केलं. झाशा कोलाह कुलाब्यातल्या क्लार्क हाऊसमधून पुढे आल्या आणि २०२५ ची बर्लिन बिएनाले त्यांनी क्युरेट केली. कोची बिएनाले २०१२ ला सुरू केली ती बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू यांनी, दोघेही केरळचे पण जेजेतून शिकून मुंबईत काम करणारे. तिचीच स्टुडंट्स बिएनाले असते, त्यात तरुण क्युरेटर घेतात. वयाची पंचविशी-तिशी असेल तर तिकडे लक्ष ठेवा.

नाव_नको_बाबा

होस्कोटे आणि कोलाह ही उदाहरणं देऊन तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. कुलाबा!

राणीबागवाली

@नाव_नको_बाबा, मी स्वतः लालबागच्या चाळीतली, महापालिकेच्या मराठी शाळेतली. इंग्रजी अजूनही अडखळतं. तुमचा राग मला कळतो, मलाही येतो. पण रागावून अर्जच न करणाऱ्यांच्या जागा कुलाबावाले बसल्या जागी घेतात.

लालबागकर_मूळचा

चाळीचा विषय निघालाच आहे तर माझे दोन पैसे. या शहरात मांडणशिल्पाला सगळ्यात जास्त पैसा कोण देतं? गणपती मंडळं! जून-जुलैत या आमच्याकडे. थर्माकोल बंद झाल्यापासून कागद, कापड, बांबू, पुठ्ठा यात काम करणाऱ्या पोरांना मागणी आहे. विषय समितीला पटवायचा, स्केच दाखवायचं, आगाऊ रक्कम घ्यायची, मूर्ती यायच्या आत उभं करायचं. दहा दिवसांत जेवढी माणसं बघतात तेवढी तुमच्या त्या पांढऱ्या भिंतीच्या गॅलरीत दहा वर्षांत फिरकणार नाहीत.

शाईचा_डाग

लालबागकर, देखावा आणि कलाकृती यात काही फरक आहे की नाही? समितीचे अध्यक्ष येऊन सांगतात, मागे केदारनाथ पाहिजे. तिथे कलाकाराचं काय उरतं?

लालबागकर_मूळचा

आणि ग्रँटवाले सांगतात, अहवालात ‘समाजाशी संवाद’ पाहिजे. तिथे काय उरतं? निदान आमचे अध्यक्ष चहा पाजतात.

सुलूमावशी

लालबागकर +१००.

चित्रनगरी_गेट_नंबर_दोन

मी गोरेगावला सेटवर. आर्ट असिस्टंट म्हणून सुरुवात, जेजेच्या आमच्या बॅचमधली निम्मी पोरं इथेच. पैसा आहे, पण नव्वद दिवसांनी आहे. एका निर्मात्याकडे माझे आख्ख्या शेड्यूलचे पैसे अडकले आणि विचारलं तर म्हणे सिरीयल बंद झाली. तेव्हापासून आठवड्याचं बिल आठवड्याला. जुनी भिंत, गंजलेला पत्रा, चाळीतलं मोरीचं ओलं प्लास्टर हे हुबेहूब करायला मी इथे शिकलो, आणि माझ्या चित्रांत ते उतरतं. हात मात्र रात्री नऊनंतर चालत नाही. बारा तास उभं राहिल्यावर कसली चित्रकला! धागाकर्त्याने शाळेची नोकरी सोडू नये, निदान दुपार मोकळी असते.

आयतोबा_आर्ट

मला परवा मेल आला. ‘तुमची निवड युरोपातल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी झाली आहे, भिंतीचं भाडं भरा.’ खरं असतं का हो हे? छान सर्टिफिकेट पण आहे म्हणे.

ठाण्याची_ठिणगी

@आयतोबा, निवड झाल्यावर जो पैसे मागतो, त्याने तुमचं चित्र निवडलेलं नसतं, तुमचं पाकीट निवडलेलं असतं. प्रवेश फी वेगळी, सोसायट्यांच्या प्रदर्शनांना ती असते, थोडकी असते आणि आधीच जाहीर केलेली असते. भाड्याने गॅलरी घेणं हाही सरळ व्यवहार आहे. पण तुम्ही अर्जच केला नव्हता ना? मग निवड कसली!

गिरगावचा_बोका

आयतोबांचं सर्टिफिकेट माझ्याकडे आलं. लॅमिनेशनसकट हवं असेल तर जादा चार्ज.

जमाखर्च_वही

मी सीए आहे, कलाकार क्लायंट बरेच. चार गोष्टी, सगळ्यांना उपयोगी.

मानधन देणारी संस्था सहसा १० टक्के टीडीएस कापते. रिटर्न भरला नाही तर ते पैसे सरकारकडेच राहतात. निम्मे कलाकार भरत नाहीत, कारण ‘माझं उत्पन्नच कुठे आहे!’ अहो, म्हणूनच तर परतावा मिळेल.

चित्रं-शिल्पांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर वस्तूंसाठी नोंदणी लागत नाही, पण चित्र परराज्यात विकून पाठवायचं असेल तर हा मुद्दा बदलतो. आधी विचारा, मग बिल फाडा.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यावरचा खर्च. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणजे कंपनी त्यासाठी नफ्याच्या दोन टक्क्यांतून खर्च करू शकते. पण एकट्या चित्रकाराच्या हातात चेक पडत नाही. नोंदणी असलेला ट्रस्ट किंवा संस्था मध्ये लागते. तशी एखादी धरून तिच्यामार्फत प्रस्ताव द्या.

आणि गंमत म्हणजे, प्राप्तिकराच्या व्यावसायिकांच्या यादीत सिनेमाचा आर्ट डायरेक्टर आहे, त्याचा असिस्टंटही आहे. नुसता चित्रकार नाही. चित्रनगरीवाल्यांचं अभिनंदन.

चित्रनगरी_गेट_नंबर_दोन

चला, कुणाच्या तरी यादीत आहोत!

शाईचा_डाग

धागा बराच भरकटला, मूळ प्रश्नावर येतो. @हार्बर_लाईन, तुम्ही मिठागरं रंगवताय. आत जाऊन कुणाशी बोललात का? तिथे काम करणारी माणसं, आगरी कुटुंबं, हिशोबाच्या वह्या, भरतीचं पाणी आत घ्यायच्या वेळा, मीठ ओढायच्या फळ्या?

हार्बर_लाईन (धागाकर्ता)

बोललोय की. एक आजोबा आहेत, ते पायाखालची माती चेपून सांगतात की कोंडी तयार झाली की नाही. मी त्यांची स्केचेस केलीत, आवाजही रेकॉर्ड केलाय थोडा. मीठ धरायचे दिवस ते तिथीवरून सांगतात. पण ती सगळी वहीतली कामं, प्रदर्शनाची नाहीत.

शाईचा_डाग

अहो, मग तुमचा अर्ज त्या वहीत आहे!

तयार चित्रं दाखवायला ग्रँट मिळणार नाही, हे वर लिहिलंच. पण ‘मुंबईची मिठागरं, ती चालवणारी माणसं आणि त्यांचं ज्ञान’ हा दीड वर्षाचा प्रकल्प आहे. मुलाखती, नकाशे, अवजारांची रेखाटनं, जुने फोटो. इतिहासात एम. ए. झालेली माणूस घरात येतेच आहे. मुलाखती आणि संशोधन तिचं, चित्रं तुमची, मांडणी दोघांची. शेवटी जे दाखवाल ते भांडुपच्या एखाद्या शाळेत किंवा समाजमंदिरात आधी लावा. जहांगीरची तारीख येईल तेव्हा येईल.

राणीबागवाली

शंभर टक्के सहमत. आणि तिच्यासाठी यासारखी दुसरी सुरुवात नाही. अभ्यासक्रमाला अर्ज करताना ‘मी हे उभं केलं’ म्हणून दाखवायला काहीतरी हातात असेल. ते आवाज नीट जपा. तारीख, जागा, बोलणाऱ्याची परवानगी हे प्रत्येक फाइलसोबत आत्तापासून लिहायला घ्या.

नाव_नको_बाबा

कल्पना बरी आहे, मान्य. फक्त उद्या हेच आजोबा कुलाब्यातल्या गॅलरीत फोटो होऊन लटकले आणि त्यांना दमडी मिळाली नाही, असं नको व्हायला.

शाईचा_डाग

बरोबर बोललात. बजेटमध्ये त्यांचं मानधन धरा. माहिती देणाऱ्यांना मानधन हा वेगळा रकाना असतो, लोक तोच सोडतात. दुसरा सुटणारा रकाना स्वतःचा. रंग, प्रवास, छपाई सगळं लिहितात आणि स्वतःच्या कामाचे शून्य. शून्य बघून कुणाला तुमची दया येत नाही, हिशोब कच्चा आहे एवढंच दिसतं.

कॉटनग्रीनची_कमल

आणि वाहतूक लिहा. टेम्पोच लिहा, मालडबा नको!

हार्बर_लाईन (धागाकर्ता)

मंडळी, मनापासून आभार. रात्री दोघं बसलो होतो. मराठीतच लिहायचं ठरवलंय. विषय, माणसं, बजेट अशी तीन पानं झाली आहेत. ज्युनियर फेलोशिपसाठीही हाच विषय मांडणार, तो अर्ज माझा एकट्याचा. फक्त एका ठिकाणी अडलंय. आयएफएच्या प्रस्तावात माझं मानधन आणि तिचं मानधन वेगळं दाखवायचं का? आणि ती म्हणते, तिचं माझ्यापेक्षा जास्त हवं.

जमाखर्च_वही

वेगळंच दाखवा. दोन पॅन, दोन खाती, दोन ओळी. लग्न झालं तरी.

गिरगावचा_बोका

लग्नाच्या आधीच बजेटवर भांडण? मग लग्न टिकणार.

राणीबागवाली

तिचं बरोबर आहे. मुलाखती घेणं, त्या उतरवून काढणं, मजकूर, परवानग्या आणि शेवटचा अहवाल हे सगळं तिच्या अंगावर पडणार, एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला आख्खा दिवस जातो. तुमची चित्रं निदान विकली तर तुमची राहतील, तिला या मानधनापलीकडे काही नाही. तीन पानं व्यक्तिगत निरोपातून पाठवा, कोणत्या ओळीत किती धरलेत ते बघून सांगते.